समुद्राकडे जाणारा पाणबुड्या

ओरिएता कार्वाहालचं निम्मं आयुष्य एका खिडकीत गेलं. वाल्पाराईसो बंदरात टेकड्या चढायला तारेने ओढले जाणारे लाकडी डबे आहेत. त्यातल्या एकाच्या खालच्या ठाण्यावर ती तिकिटं द्यायची. नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीत बसलेल्या माणसासारखी तिची गत. सगळं गाव तिच्या समोरून आत जायचं, बाहेर यायचं. प्रयोग मात्र तिला कधी दिसला नाही. कोण कुणाबरोबर वर गेलं, कोण एकटंच खाली आलं, कुणाचे डोळे रडून सुजले होते, सगळं तिला ठाऊक असायचं. पण तोंडातून अक्षर निघायचं नाही. पुढे तो डबा दुरुस्तीसाठी म्हणून बंद पडला आणि बंदच राहिला. मग तिने घरी शिलाईयंत्र मांडलं. पोरं वाढतात, गणवेश वाढत नाहीत. दुमडलेल्या पट्ट्या उसवून लांब करायच्या, एवढाच तिचा धंदा. लग्न केलं नाही. कुणी छेडलं तर म्हणायची, "घरात एक हट्टी पुरुष आहे की! धाकटा भाऊ. दुसरा आणून ठेवू कुठे?"

तो हट्टी पुरुष म्हणजे निबाल्दो. तळाशी बुडी मारून शिंपले काढणारा पाणबुड्या. होडीत हवेचा पंप, तोंडात रबरी नळी, कमरेला जाळी. हसायचा तर अख्ख्या धक्क्याला ऐकू जायचं. त्या शरदात एका सकाळी होडीतला पंप बंद पडला. नळीतून हवा येईना, तसा निबाल्दो एका दमात वर आला. पाणबुड्याने तसं यायचं नसतं. थांबत थांबत, रक्ताला सवय करून देत यायचं असतं. वीस-पंचवीस वर्षं त्याने नव्या पोरांना हेच शिकवलं होतं. पण हवा संपली की शिकवलेलं कोण आठवतो?

तेव्हापासून तो टेकडीवरच्या उपचारगृहात पडून होता. उजवं अंग गेलेलं. डावा हात चादरीवर नुसता ठेवल्यासारखा. घास भरवला तर गिळायचा. हाक मारली तर बघायचा, पण तुमच्याकडे नाही. तुमच्या मागे, जणू विंगेत कुणी उभं आहे आणि त्याच्याकडून पुढचं वाक्य यायचं आहे.

डॉक्टर इबाकाचे ही सरळ बाई होती. तिने ओरिएताला व्हरांड्यात नेऊन आदरानेच सांगितलं, "दोन्या ओरिएता, माझ्याकडे खाटा कमी आहेत. ज्यांच्यात सुधारणा होण्यासारखी आहे त्यांनाच ठेवता येतं. गुरुवारी सकाळी समिती येईल. तोवर त्याने एकदा तरी समजून काहीतरी करायला हवं. हात दाबला, नको म्हणून मान हलवली, काहीही. पण समजून."

"आणि नाही केलं तर?"

"तर दीर्घ मुक्कामाचं घर आहे, डोंगरांच्या आत. तिथे काळजी घेतात."

तिथली काळजी ओरिएताला माहीत होती. तिच्या शेजारणीचा नवरा तिथेच गेला होता. तिथे माणसाला धुतात, कूस बदलतात आणि खिडकीकडे तोंड करून ठेवतात. खिडकीतून समुद्र दिसत नाही. त्याच्याशी कुणी बोलत नाही, कारण तो बोलत नाही. आणि कुणी बोलत नाही म्हणून तो कधीच बोलत नाही.

तिने सगळं करून पाहिलं. तळलेल्या माशाचा वास नाकाशी नेला. त्याच्या लाडक्या संघाचे सामने रेडिओवर लावले. आईचा आवाज काढून त्याला रागावलीसुद्धा. निबाल्दो विंगेकडे बघत राहिला.

मग एका दुपारी व्हरांड्यातल्या कॉफीच्या यंत्रात कुणीतरी नाणं टाकलं. नाणं आत खळखळत गेलं, आणि चादरीवरचा डावा हात मिटला. पूर्ण मिटला नाही. मुठीत एखादा गोळा धरावा तसा, आत पोकळी ठेवून मिटला.

ओरिएताने ते बघितलं. उठून तिने स्वतः नाणं टाकलं. हात पुन्हा मिटला. जवळची सगळी नाणी तिने त्या यंत्रात घातली आणि नको असलेल्या कॉफीचे पेले खिडकीत मांडत गेली. सेविका मावशीला म्हणावं तसं म्हणाली, "तिया, आज झोपायचा विचार नाही वाटतं?" ओरिएताने पुढचा पेला खिडकीत ठेवला. तो हात कशाभोवती मिटतोय ते तिला कळलं होतं. लाल गोळ्याच्या दांडीभोवती.

ट्रिटॉनमधल्या.

ट्रिटॉन म्हणजे बाजाराच्या मागचं खेळयंत्रांचं सभागृह. आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. त्या दोघांच्या लहानपणी तिथे एक यंत्र होतं. सगळी पोरं त्याला नुसतं 'पाणबुड्या' म्हणायची. खरं नाव कुणालाच वाचता यायचं नाही, कारण पडद्यावरची अक्षरं रशियन होती. त्या काळात देशात लष्कराचं राज्य होतं; असलं काही मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. पोरं कानात कुजबुजायची, "रशियन खेळ आहे, घरी सांगू नकोस," आणि त्या कुजबुजीनेच खेळाला अर्धी गोडी यायची.

खेळ साधा होता. होडीतून पाणबुड्या उतरायचा, बुडालेल्या जहाजातल्या घंटा गोळा करायचा आणि हवा संपायच्या आत वर यायचा. मात्र वर येताना दोरीवरच्या प्रत्येक गाठीशी थांबायचं. घाईने आलात तर पाणबुड्या फुटायचा. बहीणभावाला मिळून एकच टोकन मिळायचं, म्हणून त्यांनी वाटणी केली होती: खाली न्यायचं निबाल्दोने, वर आणायचं ओरिएताने. त्याला घाई फार. गाठीशी थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं. जाळी भरली की तो दांडीवरून हात उचलायचा, आणि त्याचा हात उठायच्या आत तिचा तिथे असायचा. गर्दीतली पोरं ओरडायची, "अरे, त्याची ताई आली! आता मरत नाही तो!"

पंप बंद पडला त्या सकाळी आपण कुठे होतो, हे ओरिएता स्वतःला रोज विचारायची. शिलाईयंत्रावर. वर आणायचं काम आपलं होतं, आणि आपण कुणाच्या तरी पोराची पट्टी उसवत होतो.

गावात जुन्या खेळयंत्रांच्या वेड्यांचं एक मंडळ होतं. अग्निशमन दलाच्या एका स्वयंसेवी तुकडीच्या इमारतीत, वरच्या खोलीत, शनिवारी ती मंडळी जमायची. मूळ यंत्रं गंजून, मोडून नामशेष झाली. म्हणून तेच खेळ संगणकावर पुन्हा जसेच्या तसे उभे करायचे, असा त्यांचा ध्यास. मंडळाचा कर्ता होता गास्तोन ओनेतो, त्याच तुकडीतला एक स्वयंसेवक. दिवसा औषधाचं दुकान, एरवी हे. पातळ मिशी, इस्त्रीची घडी, आणि औषध तोलताना लागते तीच नजर सगळीकडे.

ओरिएता जिना चढून वर गेली तेव्हा आत हातघाईची लढाई चालू होती. विषय: समुद्राच्या तळाचा निळा रंग.

"एवढा गडद नव्हता!"

"तुझ्या घरचा टीव्ही जुना, त्यात तुला फिका दिसायचा!"

"गास्तोन, अरे निळा तो निळा. पाणबुड्या काय कपड्यांची नीळ शोधतोय?"

"निळा तो निळा म्हणणाऱ्याने," ओनेतो शांतपणे म्हणाला, "माझ्या दुकानातून औषध नेऊ नये."

ओरिएता पदरचे सोपाइपिया घेऊन गेली होती, भोपळा घातलेल्या पिठाचे, गरम तळलेले. पिशवी उघडली तसा निळा रंग थोडा वेळ बाजूला पडला. तिने आपल्याला कोणता खेळ हवा ते सांगितलं. पाणबुड्या, घंटा, दोरीच्या गाठी.

"बेल डायव्हर!" यास्ना ओरडली. यास्ना बंदरावर यारी चालवायची. मंडळात खेळ उभा करण्याचं खरं काम तिच्या हातचं. "तिया, नशीब तुमचं! नुकताच पुरा केलाय. फक्त निळ्यावर भांडण चालू आहे."

पडद्यावर खेळ सुरू झाला, आणि ओरिएताचा चेहरा उतरला.

"हा नव्हे."

"म्हणजे?"

"असाच आहे. पण हा नव्हे. आमचा रशियन होता."

खोलीत हशा पिकला. ओनेतो हसला नाही. तो म्हणाला, "सेन्योरा, हा जपानी खेळ. नाव इंग्रजी अक्षरांत. रशियन आवृत्ती कधी निघालीच नाही."

"मी बघितलीय."

"किती लहान होतात तेव्हा?"

"वाचण्याइतकी मोठी होते."

"बरं. आणखी काय वेगळं?"

ओरिएता पडद्याकडे बघत राहिली. जहाज उजवीकडे, खोल पाण्यात होतं. "आमचा पाणबुड्या समुद्राकडे जायचा," ती म्हणाली. "मागून पोरं ओरडायची, समुद्राकडे, समुद्राकडे! परतताना टेकडीकडे. ट्रिटॉनमध्ये डावं-उजवं कुणी म्हणत नसे."

या गावात अजूनही कुणी म्हणत नाही. यास्नाने लगेच कागदावर सभागृह काढलं. दार कुठे, बाजार कुठे, यंत्र कुठल्या भिंतीला. ओरिएताने बोट ठेवलं. त्या भिंतीला यंत्र असेल, तर खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला समुद्र येत होता.

"झालं तर," ओनेतो म्हणाला. "तुम्हाला भिंत चुकीची आठवतेय. यंत्र समोरच्या भिंतीला असणार. आम्ही आठवणी सांभाळत नाही, सेन्योरा. खेळ सांभाळतो. आठवणी गोड असतात आणि खोटं बोलतात."

हा माणूस दगड नव्हता. तो सान्तियागोच्या एका गरीब वस्तीत वाढला होता. तिथली सगळी यंत्रं चोरून केलेल्या नकला होत्या. ज्यांच्यावर त्याने जीव लावला त्यातलं एकही खरं नव्हतं, हे त्याला मोठेपणी कळलं, आणि एखाद्याला आपलं जन्मनावच बनावट असल्याचं कळावं तसं त्याला झालं. तेव्हापासून त्याला एक तरी गोष्ट अस्सल हवी होती.

पण ओरिएता त्या रात्री घरी गेली ती भिंत शोधत गेली. कुठली भिंत? आपल्याला भिंत आठवत नसेल, तर दुसरं काय धड आठवतंय? निबाल्दो हसायचा ते तरी खरं का?

सोमवारी यास्नाने आपला संगणक आणि लाल गोळ्याच्या दांडीची पेटी उपचारगृहात आणून दिली. खाटेच्या टेबलावर सगळं मांडलं. ओरिएताने भावाचा डावा हात उचलून दांडीवर ठेवला, आणि हात मिटला. आपणहून. बोटं जिथल्या तिथे बसली.

"डॉक्टर!" ओरिएताने अशी हाक मारली की तीन खोल्यांतून माणसं धावली.

खेळ सुरू झाला. पाणबुड्या पाण्यात उतरला. निबाल्दोचा हात हलला, डावीकडे. पण डावीकडे होडीचा नांगर होता आणि पुढे काहीच नव्हतं. पाणबुड्या नांगराला टेकून पाय मारत राहिला, हवा संपली, मेला. पुन्हा सुरू. पुन्हा डावीकडे, पुन्हा मेला. पुन्हा.

"उजवीकडे, निबाल्दो! बघ, जहाज उजवीकडे आहे!"

डावीकडे.

"हात हलतोय," डॉक्टर इबाकाचे हळूच म्हणाली. "पण बघून हलत नाही. दिसतंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. ही नुसती सवय आहे, दोन्या ओरिएता. कोंबडीची मान कापल्यावर..." आणि मग तिलाच आपली लाज वाटून ती थांबली.

ओरिएताने भावाच्या हातावर आपला हात ठेवला आणि दांडी जोराने उजवीकडे रेटली. निबाल्दोने विरोध केला. तिने आणखी जोर केला. तेव्हा त्याच्या घशातून एक आवाज निघाला; इतक्या आठवड्यांतला पहिला आवाज, आणि तो दुखल्याचा होता. हात दांडीवरून घसरला आणि छातीशी गेला. मग ती कितीही गयावया करत बसली तरी तो उघडला नाही.

मंगळवारी ती थेट औषधाच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाली, "तुमचा खेळ उलटा करा. त्याला डावीकडे जाऊ द्या."

"का?"

"त्याचा हात डावीकडे जातो म्हणून!"

"सेन्योरा," ओनेतोने चष्मा काढला, "तुमचं दुःख मला समजतं. पण हाताला सोयीचा म्हणून समुद्र फिरवला, तर मग तो खेळ कशाला म्हणायचा? उद्या दुसरा येईल, म्हणेल माझा पाणबुड्या उडायचा."

"माझा भाऊ डोंगरात जाणार आहे!"

"आणि खेळ उलटा केल्याने तो थांबेल? त्याचा हात नुसताच हलत असेल तर उलट्या खेळातही तो नुसताच हलेल. डॉक्टरला कळणार नाही का ते?"

घाव नेमका तिथेच बसला. हात बघून हलत नसेल, तर पाणबुड्याला कुणीकडेही पाठवा, काय उपयोग? ती दुकानाबाहेर आली आणि पायरीवर बसली. सर्दीचं औषध घ्यायला आलेली एक म्हातारी तिच्या शेजारी टेकली आणि काही न विचारता तिची पाठ थोपटत राहिली. या गावात अजून अशी माणसं आहेत.

बुधवारी दुपारी आभाळ इतकं भरून आलं की उपचारगृहात दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. यास्नाचा संगणक परत करायचा होता. ओरिएताने तो आवरायला घेतला. तिचा धक्का लागून खेळ जागा झाला आणि पडद्यावर नाव झळकलं. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तारा गुंडाळत ती खिडकीकडे वळली.

बाहेर अंधारलेलं, आत दिवा. खिडकीची काच काळी होऊन आरशासारखी झाली होती. आणि त्या काचेत, ओल्या बंदराच्या वर, रशियन अक्षरं उमटली होती.

शेवटचं अक्षर, इंग्रजी R, पहिलं येऊन बसलं होतं, पाठ फिरवून. त्याच्या पाठोपाठ बाकीची, सगळी तोंड वळवलेली. ओरिएताने ती ओळखली. जत्रेत हरवलेली माणसं ओळखावी तशी, एकेक. काचेतला पाणबुड्या होडीतून उतरला, आणि काचेतलं जहाज डावीकडे होतं. समुद्राकडे.

तिने वळून खाटेकडे बघितलं. निबाल्दो संगणकाकडे बघत नव्हता. तो काचेकडे बघत होता.

ती पावसात, पिशवी न घेता, छत्री न घेता टेकडी उतरली. ओनेतोने तिला दारात भिजलेली बघितली आणि तो गल्ल्यामागून बाहेर आला. ती धापा टाकत म्हणाली, "आरसा! आमचा खेळ आरशातला होता! अक्षरं उलटी होती. म्हणून आम्ही रशियन म्हणायचो. सगळंच उलटं होतं!"

ओनेतोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पडद्याची नळी, पिक्चर ट्यूब," तो पुटपुटला. "मूळ नळी गेली असणार. मग गावातल्या एखाद्या माएस्त्रोला, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, बोलावलं. त्याने घरगुती टीव्हीची नळी बसवली, आणि दोन वायरी अदलाबदल झाल्या. तसं केलं की चित्र डाव्याचं उजवं होतं. तो माणूस खेळून बघतो, तर दांडी एकीकडे आणि पाणबुड्या दुसरीकडे. आता शहाण्या माणसाने काय करावं? नळीच्या वायरी सरळ कराव्या. पण नळी पुन्हा उघडायची म्हणजे त्रास. म्हणून या गृहस्थाने काय केलं असेल? त्याने दांडीच्या वायरी उलट्या केल्या!" आणि गास्तोन ओनेतो, ज्याला मंडळात कुणी हसताना पाहिलं नव्हतं, तो भरल्या दुकानात हसला. "माएस्त्रो, धन्य आहे तुझी! एक चूक झाकायला दुसरी चूक, आणि दोन्ही मिळून सगळं बरोबर!"

"मग भिंत?"

"भिंत तुमचीच बरोबर होती, सेन्योरा. मला माफ करा."

यास्ना बंदरावर कामाच्या पाळीवर होती. वाऱ्यामुळे जहाजं खोळंबलेली, सकाळपर्यंत तिला सुटका नव्हती. तिच्याशिवाय खेळ उलटा करणं कुणाला जमणार नव्हतं. समिती सकाळीच येणार होती.

ओनेतो दुकानात इकडेतिकडे बघत होता. चष्मे लावून बघायला भिंतीवर एक आरसा टांगलेला होता. त्याच्यासमोर जाऊन तो उभा राहिला.

"खेळाला मी तसाही हात लावू दिला नसता," तो म्हणाला. "खेळ जपानी आहे, बरोबर आहे, तसाच राहील. पण आरसा धरायला कुणाची मनाई आहे?" आणि खिळ्यावरून त्याने आरसा काढला. मग खण उघडून पेचकस काढला. "दांडीच्या तेवढ्या दोन वायरी. ते पाप माझ्या खाती."

सकाळी समिती आली. समिती म्हणजे डॉक्टर इबाकाचे आणि शहरातून आलेला एक थकलेला गृहस्थ, ज्याला आणखी बऱ्याच खाटा बघायच्या होत्या. त्याने आत पाऊल टाकलं तेव्हा खोलीत जे दृश्य होतं ते त्याने सरकारी नोकरीत कधी बघितलं नसेल. टेबलावर संगणक, रोग्याकडे पाठ करून. त्याच्या पलीकडे अग्निशमन दलाच्या समारंभाच्या गणवेशात, सोनेरी बटणं लावलेला औषधवाला, दोन्ही हातांत छातीसमोर आरसा धरून उभा.

"हे काय आहे?" गृहस्थाने विचारलं.

"अचूकपणा," ओनेतो म्हणाला.

ओरिएताने भावाची छातीशी मिटलेली मूठ हळूच सोडवली. सोमवारपासून तिला त्या हाताची भीती वाटत होती. तिने तो दांडीवर ठेवला आणि आपला हात मागे घेतला. मग पिशवीतून नाणं काढून पेल्यात टाकलं. खळखळ वाजलं. हात मिटला.

आरशात पाणबुड्या उतरला. निबाल्दोचा हात डावीकडे गेला, आणि आरशातला पाणबुड्या समुद्राकडे निघाला.

पहिली घंटा. एक मासा आडवा आला; हात थांबला, मासा जाऊ दिला, पुन्हा निघाला. दुसरी घंटा. निबाल्दोचे डोळे विंगेत नव्हते. ते आरशात होते, आणि पाणबुड्या जाईल तिकडे जात होते. गृहस्थाने लेखणी वर धरली. तिसरी घंटा. जाळी भरली.

आणि निबाल्दोने दांडीवरून हात उचलला. चादरीवर ठेवला. उघडा.

पाणबुड्या तळाशी उभा राहिला. हवेची पट्टी उतरू लागली.

"थांबला," गृहस्थ म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता. अशी थांबलेली माणसं तो रोज बघायचा. "प्रयत्न चांगला होता." लेखणी कागदाला टेकली.

ओरिएता त्या उघड्या हाताकडे बघत होती. संपलं, असं तिला वाटलं. पट्टी अर्ध्यावर आली. मग तिला दिसलं की निबाल्दो आरशाकडे बघत नाहीये. आयुष्यभर समोर बसून ज्याने तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं तो, आणि हल्ली तर तिच्या आरपार बघणारा तो, मान किंचित वळवून तिच्याकडे बघत होता. अगदी तिच्याकडे. जराशा चिडक्या नजरेने. कुठे राहिलीस, अशा.

"अगं बाई," ती म्हणाली, "आता माझा नंबर!"

तिने दांडी पकडली. इतक्या वर्षांनी. पट्टी तळाला टेकत आली होती. भीतीने तिने पाणबुड्याला सरळ वर खेचलं. पहिली गाठ ओलांडणार, एवढ्यात मनगटावर काहीतरी पडलं. थंड, जड, अशक्त. निबाल्दोचा हात. तो दाबत होता. थांब.

ती थांबली. आरशात पाणबुड्या गाठीशी डुलत राहिला, बुडबुडे सोडत. हात सैल झाला. ती वर निघाली. दुसरी गाठ आली, हात पुन्हा दाबला. थांब. सैल. चल. ज्याच्या रक्तात थांबणं नव्हतं तो तिला थांबायला शिकवत होता, आणि तिच्या भरून आलेल्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ती नुसत्या त्या हाताच्या दाबावर पाणबुड्याला वर आणत होती.

"लिहू नका," डॉक्टर इबाकाचे गृहस्थाला म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नसता. "अजून लिहू नका."

पाणबुड्या होडीत चढला. तीन घंटा वाजल्या, बारीक, पत्र्याच्या. गृहस्थाने कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "वसंतापर्यंत. मग पुन्हा बघू." म्हणजे हिवाळा तेवढा मिळाला. त्यापुढचं कुणी कबूल केलं नाही.

ओरिएताने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. मनगटावरचा हात सरकत सरकत दांडीकडे निघाला होता. आता त्याची पाळी होती.

"सेन्योरा," सोनेरी बटणांवरून घाम निथळत असलेला ओनेतो आरशामागून म्हणाला, "किती डाव असायचे एका टोकनात?"

"मरेपर्यंत," ओरिएता म्हणाली. "आणि मी आले की तो मरत नसे. घट्ट धरा."